शोभाच्या लग्नाची फिल्म

पडद्यावरची लाल रेघ दोन चित्रांच्या मधोमध उभी होती. डावीकडच्या चित्रात शोभाचे डोळे उघडे होते, उजवीकडच्या चित्रात मिटलेले. मालतीबाईंनी रेघ एक घर मागे नेली, मग पुन्हा पुढे आणली. उघडे, मिटलेले. मधलं काहीच नव्हतं. गती ही सलग असते, असं त्यांनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना निवृत्तीपर्यंत सांगितलं होतं. इथे मात्र एका सेकंदात पंचवीस स्थिर चित्रं होती, आणि पापणी नेमकी कधी मिटली हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

“मॅडम, तिथं अटकून नका राहू,” गजानन मागून म्हणाला. “कट मारा अन् आगे बढा.”

गजानन त्यांचाच विद्यार्थी. शाळेत असताना आरशासमोरून हलायचा नाही, पण परावर्तनाचे नियम त्याला कधी पाठ झाले नाहीत. आता इतवाऱ्यात कापडाच्या दुकानावरच्या माडीवर त्याचा क्लास होता. आधी तिथे कॅसेटी भाड्याने मिळत. कॅसेटी गेल्या, कॉम्प्युटर आले, आणि गजाननने पाटीवर ‘एडिटिंग शिका, नवशिक्यांसाठी खास’ असं लिहून घेतलं. मालतीबाई हजर झाल्या तेव्हा त्याने सवयीने हात मागे बांधले होते.

त्या शिकायला आल्या होत्या कारण त्यांच्या लेकीच्या, शोभाच्या लग्नाची फिल्म अजून तयार नव्हती. शूटिंगवाला कच्चा माल एका हार्ड डिस्कमध्ये देऊन सुरतेला निघून गेला, तो गेलाच. इकडे शोभा रावेरला नांदायला गेली आणि मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात, आमरस खातात आणि परत जातात. शोभा परत गेली नाही. पण आखाजीला आली आहे हे तर खरंच होतं, म्हणून घरच्यांनी तेच धरून ठेवलं. त्यांच्या मोहल्ल्यात, लोधीपुऱ्यात, कुणी विचारलं, की उत्तर तयार असे: “आखाजीला आलीय.” हे उत्तर पावसाळ्यात चाललं, दिवाळीत चाललं, संक्रांतीला तिळगूळ देतानाही चाललं. आता दुसरी आखाजी तोंडावर आली होती. तिच्यानंतर हे उत्तर चालणार नाही, एवढं गणित सगळ्यांनाच येत होतं.

तोडगा मालतीबाईंच्या मोठ्या दिरांनी, म्हणजे दत्तात्रयभाऊंनी काढला. “आखाजीले रावेरवाल्यांना बोलवू. सगळ्यांनी बसून लग्नाची फिल्म पाहू. माणूस आपलंच लग्न पाहते तं मन पाघळते. संध्याकाळी शोभाची बॅग गाडीत.”

“भाऊ म्हणतात ते बरोबर आहे,” मालतीबाईंचे यजमान अरविंदराव म्हणाले. लग्नापासून त्यांचं हेच वाक्य मालतीबाई ऐकत आल्या होत्या.

मालतीबाई म्हणाल्या, “बघू.”

त्यांचंही हे जुनंच वाक्य होतं. गेल्या आखाजीला शोभाने स्वयंपाकघरात सांगितलं होतं, “आई, तिथं कुणी भांडत नाही, मारत नाही. मी काही बोलले की घरचे सगळे बोलणं बंद करतात. दोन-दोन आठवडे. तोही. ताट सरकवतात, नजर वळवतात. मला माझाच आवाज अनोळखी वाटायला लागला होता. मी जाणार नाही.” मालतीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “बघू.” त्यानंतर शोभाने विषय काढला नाही. एकदाच, मेथी निवडताना, मान वर न करता म्हणाली, “मी माझं सांगितलंय. आता तू सांगायचंस.”

त्याऐवजी मालतीबाई क्लासला जात राहिल्या. शिकणं त्यांना नेहमीच सोपं गेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी जमवलेलं काम पेन ड्राइव्हवर घरी नेलं. सगळे टीव्हीपुढे बसले. टीव्ही म्हणाला, ही फाइल मला कळत नाही. दुसऱ्या दिवशी गजानन खूश होऊन हसला. “मॅडम, तुम्ही नुसतं कुठं काय जोडलं तेवढं घेऊन गेल्या! माल तर इथंच राह्यला. आधी एक्स्पोर्ट मारायचं असते, तेव्हा सगळं जुळून पक्की फिल्म बनते.”

“म्हणजे कच्चं कधी संपवायचं ते आपणच ठरवायचं?”

“हो. पण टेन्शन नका घेऊ. जोपर्यंत एक्स्पोर्ट नाही, तोपर्यंत सगळं बदलता येते.”

हे घरात कुणी तरी ऐकलं असावं, कारण मग बदल सुरू झाले. दत्तात्रयभाऊंच्या मते त्यांचा फेटा फार कमी दिसत होता. आमदार आले तेव्हा दारात तेच उभे होते, तो प्रसंग सावकाश दाखवावा. नणंद मनकर्णाबाई यांचं म्हणणं, त्यांनी दिलेली साडी दिसावी, पण त्या स्वतः जिलेबी खाताना दिसू नयेत. “किती वेळा खाताना घेतलंय मेल्यानं! मी काय पंगतीलेच आलते का?”

“वन्सं, काढते,” मालतीबाई म्हणाल्या आणि चार जिलेब्या काढल्या. पाचवी राहू दिली.

गजाननचा आग्रह वेगळाच. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना पडद्यावर बदाम फुटला पाहिजे. “शादी आहे मॅडम. दिल तं टाकाच लागते.” मालतीबाईंनी बदाम टाकले. गुलाबही टाकले. सगळ्यांचं समाधान होता होता फिल्मची मोजणी केली, तर फेटा नवरीपेक्षा जास्त वेळ दिसत होता.

शेवटचं काम आवाजाचं होतं. “मूळ आवाज पूरा म्यूट करा,” गजानन म्हणाला. “वरून गाणं. लग्नात खरा आवाज कोणी ठेवत नाही. भटजी खोकतो, पोरं रडतात, कोणी मिठाईवरून बोंबलते.”

“एकदा ऐकते आणि मग काढते,” मालतीबाई म्हणाल्या. न पाहता टाकून देणं त्यांना जमत नसे.

कानाला हेडफोन लावून त्या ऐकत गेल्या. भटजी खोकले. पोरं रडली. मग पाठवणीच्या आधीचा प्रसंग आला. विहीण सोजरबाई शोभाच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, “आम्हाले बोलकी सून चालत नाही बरं, बाई. घरात एक तोंड पुरे, ते माझं आहे.” मांडव हसला. त्या हसण्यात एक हसू सगळ्यांच्या वर होतं, स्वच्छ आणि मोकळं. मालतीबाईंनी रेघ मागे नेली. पुन्हा ऐकलं. हसू त्यांचंच होतं.

पडद्यावर शोभाचे डोळे उघडे होते. पुढच्या चित्रात मिटलेले.

“केलं का म्यूट?” गजाननने विचारलं.

“एवढा तुकडा राहू दे.”

“मॅडम, गाणं मधेच तुटंल.”

“तुटू दे,” त्या म्हणाल्या आणि एक्स्पोर्टचं बटण दाबलं.

आखाजीला दत्तात्रयभाऊंच्या अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता. जेवणं झाली, आमरसाच्या वाट्या उचलल्या गेल्या, आणि सगळे आतल्या टीव्हीपुढे बसले. रावेरहून सोजरबाई आल्या होत्या, शेजारी जावई. शोभा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. जावयाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने वाटीकडे पाहिलं.

फिल्म सुरू झाली. बदाम फुटला. फेटा सावकाश आला, आमदार त्याहून सावकाश आले. “वा!” दत्तात्रयभाऊ म्हणाले. साडी दिसली तशा मनकर्णाबाई सावरून बसल्या, जिलेबी दिसली तशा म्हणाल्या, “मालती!” गुलाब पडत राहिले, गाणं चढत राहिलं.

मग गाणं तुटलं.

“आम्हाले बोलकी सून चालत नाही बरं, बाई,” टीव्हीतल्या सोजरबाई म्हणाल्या, “घरात एक तोंड पुरे, ते माझं आहे.” मांडव हसला. खोलीत कुणी हसलं नाही. एकटं मालतीबाईंचं टीव्हीतलं हसू तेवढं भिंतीपर्यंत जाऊन आलं. बाहेर झोक्याची दोरी करकरत होती.

“हे कापायचं राह्यलं का काय?” दत्तात्रयभाऊंनी विचारलं.

“मस्करी होती ती,” सोजरबाई म्हणाल्या. “लग्नात चालते एवढी. काय हो मालतीबाई, तुम्हीच किती हसल्या होत्या.”

“हो,” मालतीबाई म्हणाल्या. “मीच हसले होते.”

दत्तात्रयभाऊंनी रिमोट घेऊन पुढचा बदाम येईपर्यंत फिल्म पळवली. “चला, झालं. फिल्म झकास बनवली. उन्हं उतरली की निघा तुम्ही. शोभाची बॅग भरलेलीच असंल. अरविंद, काय?”

“भाऊ म्हणतात…” अरविंदराव म्हणाले आणि बायकोकडे पाहून थांबले.

सगळे मालतीबाईंकडे पाहत होते. त्या बघू म्हणतील, असं साऱ्यांनी धरलं होतं. शोभानेही धरलं असावं, कारण ती चौकटीपासून वळून स्वयंपाकघराकडे निघाली होती.

“शोभा, थांब,” मालतीबाई म्हणाल्या. मग सोजरबाईंकडे वळून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाई त्या आवाजात त्यांनी सांगितलं, “ती आखाजीला आली नव्हती. ती परत आली होती. शोभा रावेरला जाणार नाही.”