दसऱ्याला पाटावर बसलेला खरारा

मित्रांनो, मला काळजी करायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना खरारा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेलं नसेल. घोड्याचं अंग घासायला जी लोखंडी दातांची फणी असते, तिला खरारा म्हणतात. माझ्या अंगावर दातांच्या सहा ओळी आहेत आणि धरायला बाभळीच्या लाकडाची मूठ आहे. त्यातले चार दात पडले, पाचवा हलतो आहे. तो आज पडणार असं मला रोज सकाळी वाटतं.

माझा जन्म जुन्या पनवेलमध्ये एका लोहाराकडे झाला. माझा आताचा मालक काळूराम, त्याचे वडील तेव्हा स्टेशनवर टांगा चालवायचे. त्यांनी मला मुद्दाम सांगून बनवून घेतलं. त्यांच्या घोड्याचं अंग मी अकरा वर्षं घासलं. गाडीतून उतरलेली माणसं घोड्याकडे बघून म्हणायची, काय चकाकतोय. माझं नाव कुणी घेत नसे, पण मला सगळं पोचायचं. मग रिक्षा आल्या. घोडा म्हातारा होऊन गेला, टांग्याची चाकं कुणीतरी नेली आणि मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं. त्या डब्यात मी पंचवीसेक वर्षं होतो. काळजी करायला मी तिथेच शिकलो. अंधारात पडून दुसरं करणार तरी काय?

काळूराम कंपनीतून निवृत्त झाला तोवर पनवेलजवळच्या विचुंब्यात त्याच्या घराच्या तिन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. एक दिवस तो टेंपोतून एक तांबूस घोडी घेऊन आला. तिचं नाव पाखरी. ही आता कुठल्या कामाला, असं आळीतल्या सगळ्यांनी विचारलं. लग्नाच्या वरातीला देणार का, असंही विचारून झालं.

"कामाला नाय," काळूराम म्हणाला. "घरातली हाय ती."

त्याच दुपारी त्याने डबा उघडला. विटेचा चुरा आणि रॉकेल लावून माझा गंज काढला. त्याची सून मनिषा दारात उभी राहून बघत होती. तिला तो एवढंच म्हणाला, "बापाचा हाय." मला फार भरून आलं. आणि लगेच काळजीही वाटली, की आपल्याला आता हे काम जमेल का?

जमलं. रोज सकाळी सहाला आणि दुपारी चारला काळूराम मला खुंटीवरून काढायचा. आधी मान, मग खांदा, मग पाठ, मग पोट आणि कूस. मित्रांनो, घोडी पाळण्यातलं सुख काय असतं ते तुम्हाला इमारतीच्या गच्चीवरून दिसणार नाही. मी पाठीवर पोचलो की पाखरीचा खालचा ओठ सैल पडून लोंबायचा आणि डोळे अर्धे मिटायचे. मग ती मान वळवून काळूरामच्या खांद्यावरचा सदरा ओठांनी हळूहळू चघळायची. घोडी घोडीचं अंग असंच खाजवते. तो तिचं अंग घासतोय म्हणून ती त्याचं घासत होती. काळूरामचे सगळे सदरे उजव्या खांद्यावर विरलेले आहेत. मनिषा नवा शिवून आणते, तोही आठ दिवसांत तसाच होतो.

मनिषा मात्र लांबून बघायची. ती पनवेलच्या खांदा कॉलनीतली, दवाखान्यात रिपोर्ट टाइप करण्याचं काम करणारी. पहिल्याच आठवड्यात पाखरीने तिची ओढणी ओढली, तेव्हापासून ती घाबरायची. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन वर्षं तिने रोज बघितलं होतं. खरारा कुठून सुरू होतो, कुठे थांबतो, घोडी कधी पाय बदलते, हे सगळं तिला पाठ होतं. त्याची तिला स्वतःलाही कल्पना नसावी.

माझ्या काळज्या चालूच असत. कानामागे गोचीड तर नाही? खूर तडकला तर? इमारतीत फटाके फुटले तर? पण एक आधार होता. माझ्या दातांना पाखरीच्या अंगातलं सगळं कळायचं. कुशीवरून फिरलो की तिची कातडी थरथरायची आणि आत पोट गुरगुरायचं. तो आवाज ऐकला की मी दुपारपर्यंत निवांत असे. निवांत म्हणजे माझ्या मानाने.

आता त्या दसऱ्याचं सांगतो. त्याला दोन वर्षं होतील.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. काळूरामने मला धुऊन पाटावर बसवलं. शेजारी कोयता, विळा, मुलाचं ड्रिल मशीन आणि मनिषाची शिवणाची कात्री. सगळ्यांना हळदकुंकू लागलं, वर झेंडूची फुलं ठेवली. एकदा पूजेला बसलं की हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, असा आमच्या घरचा रिवाज. वर्षभर राबतं ते एक दिवस बसू दे, असा त्यामागचा भाव. तो मला कळत होता. तरी मी पाटावर बसल्या बसल्या विचार करत होतो की दुपारी चारचं काय?

पाखरीचीही पूजा झाली. गळ्यात हार, कपाळाला कुंकू. पूर्वी आळीतली पाच घरं तिला नैवेद्य आणायची. प्रत्येकाकडून एकच घास काळूराम आपल्या हातावर घ्यायचा आणि स्वतः भरवायचा. त्या वर्षी मात्र तो जेवायला शिरढोणला बहिणीकडे गेला. मुलगा उरणच्या बंदरात ड्युटीवर होता आणि मनिषा आत पुरणपोळ्या करत होती. आदल्या संध्याकाळी इमारतीतल्या बायकांनी काळूरामला विचारलं होतं, आम्ही आणला तर चालेल का नैवेद्य? तो खूश होऊन म्हणाला होता, "आना की, तुमची पन घोडी हाय."

आणि मग त्या आल्या. एकट्यादुकट्या, हातात ताट झाकून, नटूनथटून. आपणच पहिल्या असं प्रत्येकीला वाटत होतं. पुरणपोळी, भिजवलेले हरभरे, गुळाचा खडा, तांदळाचे लाडू. एकीने डब्यातून उरलेला पुलाव आणला. पाखरी सगळ्यांच्या हातून खात होती आणि सगळ्या तिच्याबरोबर फोटो काढत होत्या. शेवटी तिने गळ्यातला हारही खाल्ला. मी पाटावरून सगळं बघत होतो. मित्रांनो, लोखंडाला तोंड नसतं. त्या दिवशी ते मला जितकं खुपलं तितकं त्या डब्यातही खुपलं नव्हतं.

साडेतीनला काळूराम परतला. पाखरी दोराच्या टोकाला जाऊन उभी होती. पुढचं गवत तसंच होतं. ती मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती आणि पुढच्या पायाने माती उकरत होती.

"बाबा, ती अशी का बघतेय?" मनिषा म्हणाली.

"सनाचं जेवलीय. सुस्तावली आसंल."

चार वाजले. काळूराम सवयीने खुंटीकडे गेला, रिकामी खुंटी बघून थांबला आणि ओट्यावर येऊन बसला. मी तिथून चार पावलांवर होतो. एकदा, फक्त एकदा मला तिच्या कुशीवरून फिरवा, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो.

मनिषा दारातून हलली नव्हती. "बाबा, तिला खरारा करा ना."

"आज नाय. पाटावर हाय तो."

"लीद पण नाही टाकलेली. सकाळपासून जागा कोरडी आहे."

काळूरामने तिकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात पाखरीने पुढचे गुडघे वाकवले आणि ती धपकन आडवी झाली, लोळायला लागली. काळूराम दोराकडे धावला. मनिषा पाटाकडे आली. तिने माझ्यावरचं फूल बाजूला ठेवलं, पाटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि मला उचललं. माझे दात थरथरत होते, पण ते तिच्या हातामुळे, असं मी म्हणेन.

काळूरामने ओढून ओढून पाखरीला उभं केलं होतं. मनिषाने मान, खांदा, पाठ असं नेहमीच्या क्रमाने मला फिरवलं. पाठ घामाने ओली होती. पोटावर आलो आणि मला धस्स झालं. कातडी थरथरली नाही. पोट फुगून टणक झालं होतं आणि आत काही आवाज नव्हता.

"बाबा, पोट घट्ट झालंय. काहीच गुरगुरत नाही." मनिषाने कान लावला. जिला दोन वर्षं घाबरली, तिच्या कुशीला. "मी डॉक्टरांना फोन लावते."

जनावरांच्या डॉक्टर भावना सणाच्या साडीतच आल्या. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "काय काय खाल्लंय?"

काळूरामला खरंच माहीत नव्हतं. मनिषाने इमारतीच्या ग्रुपवर विचारलं आणि उत्तरं यायला लागली. ती एकेक मोठ्याने वाचत होती. दोन पोळ्या. आम्ही तीन. वाटीभर हरभरे. आमच्या छोटूने लाडू दिले, किती ते माहीत नाही. थोडा पुलाव. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. काळूराम ओट्याला टेकून खाली बसला.

"घोड्याला उलटी होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आत गेलंय ते मागूनच बाहेर यायला हवं. तोवर पोटशूळ थांबणार नाही. लोळू देऊ नका, आतडं पिळलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

त्यांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं. मग काळूराम दोर धरून पाखरीला अंगणात हळूहळू फिरवू लागला. दर थोड्या वेळाने मनिषा मला कुशीवरून फिरवायची आणि कान लावायची. दर वेळी ती मान हलवायची. इमारतीतल्या बायका एकेक करून खाली आल्या आणि कुंपणापाशी उभ्या राहिल्या. दिवे लागले. सोनं द्यायला आलेली माणसं आपट्याची पानं हातात धरून तशीच थांबली.

"माजी चूक हाय," काळूराम घोडीला सांगत होता. "मी आसाया पायजे व्हतो."

मी मात्र मनाशी म्हणत होतो, चूक माझी. मी फुलं अंगावर घेऊन बसून राहिलो.

आठच्या सुमाराला मनिषाने मला पुन्हा फिरवलं. कातडी थरथरली. अगदी जराशी. मला वाटलं, भास झाला असेल, मला तसे पुष्कळ होतात. पण मनिषाही थांबली होती. तिने कान लावला आणि डॉक्टरांकडे बघितलं. आत कुठेतरी लांब गुरगुरत होतं. पाच मिनिटांनी पाखरीने शेपटी उचलली.

मित्रांनो, लीद बघून डोळ्यांत पाणी आलेली एवढी नटलेली माणसं तुम्ही पाहिली नसतील. कुंपणापाशी कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. काळूरामने पाखरीच्या मानेत तोंड खुपसलं. मनिषा अजून कुशीवरून मला फिरवतच होती, थांबायचं तिच्या लक्षात नव्हतं. पाखरीने मान वळवली आणि तिच्या खांद्यावरची ओढणी ओठांनी हळूहळू चघळायला लागली. या वेळी मनिषा सरकली नाही.

मागच्या दसऱ्याला काळूरामने पाट मांडला. कोयता, विळा, ड्रिल, कात्री. माझ्या जागी नुसतं एक फूल ठेवलं. त्याने मला उलटं धरून मुठीला हळदकुंकू लावलं आणि मनिषाच्या हातात दिलं. "याची पूजा वापरूनच व्हते," म्हणाला. ताटांतला नैवेद्य कुंपणापाशी एका टोपलीत जमा झाला. पाखरीला पाच घास मिळाले, बाकीचं माणसांनी खाल्लं.

मी अजून काळजी करतोच. पाचवा दात हलतो आहे, आणि मनिषा रुळायला लागल्यापासून तिच्या ओढण्याही विरायला लागल्या आहेत. पण माझं एक ऐका. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला हार घाला, गोडधोड द्या, फोटो काढा. त्याआधी त्याच्या अंगावरून रोज एकदा हात फिरवा. सणाच्या दिवशी दोनदा.