चांदणीचा खड्डा

शेजारच्या विश्वंभरनं नवी गाडी घेतली आणि त्याचे पाय जमिनीला लागेनात. शहाण्णव साल होतं. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीतली ती पहिलीच गाडी. आमच्या चांदणीला, ठिपक्यांच्या कोंबडीला, त्या गाडीचं उन्हानं तापलेलं बॉनेट फार आवडायचं. बसायची आणि घाण करून यायची. कोंबडीच ती, तिला का गाडीची किंमत कळणार?

त्या दिवशी सकाळी नऊला विश्वंभरनं तिला वीट फेकून मारली. चांदणीचा पंख मोडला, पाय मोडला. आणि हा बाजीराव गाडी पुसून, काच वर करून कंपनीत निघूनही गेला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझे सासरे मल्हारराव. त्यांचे वाडवडील गायकवाडी पलटणीत होते. त्यांनी चांदणीला मांडीवर घेऊन हाडं चाचपली.

"हे जुळायचं नाही, सूनबाई. आत्ताच सोडवू तिला. डोळ्यांवर फडकं आणि मानेला एक झटका. तिला कळणारही नाही."

"तुम्ही हात लावायचा नाही, मामंजी. रिवाज काय आपल्या घरचा?"

त्यांनी चांदणीला माझ्या हाती दिलं. रिवाज त्यांनीच मला शिकवला होता. ज्याच्यामुळे मुकं जनावर तडफडलं, त्यानंच त्याला सोडवायचं आणि खड्डाही त्यानंच खणायचा.

"विश्वंभर सहाला येतो," मी म्हणाले. "सगळ्या सोसायटीसमोर करायला लावते."

चांदणीला टोपलीत ठेवलं. चोच उघडी टाकून ती धापा टाकत होती. पाणी दिलं, प्यायली नाही. दुपारी मामंजींनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. पलीकडची कांचनबेन कुंपणावरून गुजरातीत म्हणाली, "कौशल्याबेन, बिचारीने छोडी दो ने हवे!" सोडवा म्हणे बिचारीला आता! मी तिलाही उडवून लावलं. विश्वंभरचा पांढराफटक चेहरा मला दिसत होता आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

सहाला गाडी आली. मी टोपली त्याच्या पायाशी आदळली. "घ्या विश्वंभरभाऊ, तुमची शिकार! आता संपवा."

लोक जमले. विश्वंभरनं टोपलीत पाहिलं आणि तो तिच्यापाशी खाली बसला. "वहिनी, ही अजून जिवंत आहे? मला वाटलं, काकांनी सकाळीच सोडवलं असेल."

मामंजींनी त्याला फडकं दिलं, मान कुठे धरायची ते दाखवलं. त्यानं एका झटक्यात केलं. चांदणी निवली. नऊ तासांचं काम क्षणात झालं.

"माझं चुकलं, वहिनी," तो म्हणाला आणि डोळे पुसत कोपऱ्यातल्या कुदळीकडे वळला.

मामंजींनी त्याच्याआधीच कुदळ उचलली. "वीट तुमची, ते तुम्ही निस्तरलंत," ते त्याला म्हणाले आणि कुदळ माझ्यापुढे धरली. "दिवसभर तिला कुणी तडफडवलं, सूनबाई?"

मी पदर खोचला आणि सगळ्या सोसायटीसमोर खणायला लागले.