कासोटा

रजनी हरली की घरात तिच्या वाटणीचं दूध वाढायचं. मागच्या वर्षी पुण्याच्या टेबल टेनिस स्पर्धेत ती अंतिम सामना हरली, तेव्हा तर माधवरावांनी बदामांचा खुराक लावला. लेकीचं मनगट सोन्याचं आहे, फक्त दम कमी पडतो, हे त्यांचं ठाम मत. माधवराव लोणावळ्यात रेल्वेत कारकून होते. दुपारच्या सुट्टीत रेल्वेचा क्लब रिकामा असे, तेव्हा बापलेक तिथं खेळत. हा बसल्या जागचा खेळ आहे असं म्हणणाऱ्याला एकदा रजनीच्या जागी उभं करायला हवं होतं. गुडघे वाकवून, कमरेतून झुकून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचं. मांड्या पेटतात, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि चेंडूला त्याचं काही नसतं.

यंदा तिला जिंकायचंच होतं. घरात स्थळं यायला लागली होती, आणि लग्नानंतर हातात बॅट राहील अशा भ्रमात ती नव्हती. मागच्या वर्षी जिच्याशी हरली, त्या पुण्याच्या कॅम्पातल्या उंच मुलीशीच पुन्हा गाठ पडणार, हेही तिला ठाऊक होतं. ती मुलगी आखूड स्कर्टात वाऱ्यासारखी पळायची.

उलगडा झाला तो अंगणात. भुशीच्या सरुबाई गाय-वासरू घेऊन दारात यायच्या आणि समोर धार काढून द्यायच्या. एका सकाळी वासरू सुटलं आणि रजनीच्या अंगावरून उधळलं. एका ढांगेत धरायचं काम. पण तिनं पाऊल उचललं तेवढ्यात पातळ पायात आलं आणि ती भिंतीला जाऊन आपटली. साठीच्या सरुबाईंनी कासोट्याच्या लुगड्यातच झेप घेऊन दावं धरलं.

"पोरी, तुजं पाय बांदल्यात का कुनी?" असं हसत म्हणून त्या पुन्हा धारेला बसल्या.

रजनीला हसू आलं नाही. गोल पाचवारी पातळात टेबलापाशीही तिला एका ढांगेच्या जागी दोन पावलं टाकावी लागत होती. दम त्या जादा पावलांत सरत होता. वर्षभर घरात बदाम कुटले गेले, पण तिच्या नेसण्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

नऊवारी लुगडं नेसून खेळणार, हे तिनं सांगताच आईचा, चंद्रिकाबाईंचा, चेहरा उतरला. आळीत नऊवारी सोडून गोल पातळ नेसणाऱ्या त्या पहिल्या. त्यापायी सासूनं बोलणं टाकलं होतं, नणंदेनं पंक्तीत वाढू दिलं नव्हतं.

"किती बोलणी खाल्ली मी, ते तू पाहिलंस," त्या म्हणाल्या. "आणि तू पुण्याच्या लोकांपुढं कासोटा घालून उभी राहणार?"

"तू मनासारखं नेसता यावं म्हणूनच भांडलीस ना? मला तेवढंच हवंय."

रजनीनं ट्रंकेतलं आईचं जुनं लुगडं काढलं. चंद्रिकाबाईंनी अडवलं नाही, पण नेसवूनही दिलं नाही. रजनी आपली आपणच कसंबसं खोचायला शिकली. पाय मोकळे झाले आणि खरी दुखणी तेव्हा सुरू झाली. आता ती लांबच्या चेंडूवर पोचत होती, आणि त्याची किंमत मांड्या मोजत होत्या. क्लबाच्या पायऱ्या उतरताना तिला कठडा धरावा लागे.

पुण्याच्या हॉलमध्ये ती उंच मुलीसमोर उभी राहिली तेव्हा कुणीतरी "पंगतीत वाढायला आल्या वाटतं" म्हणालं आणि मागच्या रांगा खिदळल्या. पहिला डाव त्या हसण्यानंच घालवला. दुसऱ्यात ती खाली वाकली, लांब पाय टाकत सगळं परतवत राहिली. उंच मुलीचा श्वास तिला टेबलापलीकडून ऐकू येऊ लागला. तो डाव रजनीनं घेतला. तिसरा बरोबरीत आला आणि नेमका तेव्हाच कासोटा सुटायला लागला. रजनी एक हात पाठीमागं धरून उभी राहिली. पंच थांबले. माधवराव जमिनीकडे बघू लागले. तिला रडू येत होतं.

शेवटच्या रांगेतून चंद्रिकाबाई उठल्या. गोल पातळात पाऊल लहान पडत होतं, तरी सगळ्यांच्या देखत त्या चालत आल्या, लोकांकडे पाठ करून लेकीमागं उभ्या राहिल्या आणि कासोटा आवळून खोचला.

"आता सुटायचा नाही," त्या म्हणाल्या. "धाव."

रजनी धावली. शेवटचा चेंडू पार कोपऱ्यात गेला होता. तिनं एक गुडघा जमिनीला टेकेपर्यंत पाय लांबवला आणि तो जेमतेम जाळीपलीकडं टाकला. उंच मुलगी जागची हलली नाही. सामना संपला, पण रजनीला उठता येईना. शेवटी त्या मुलीनंच येऊन हात दिला.

परतीच्या गाडीत तळेगाव मागं पडलं तेव्हा रजनीचे पाय आईच्या मांडीवर होते आणि चंद्रिकाबाई पोटऱ्या चोळत होत्या. मधेच त्यांनी लुगड्याचा काठ बोटांत धरून पाहिला.

"लग्न झाल्यापासून किती वर्षं मी हे नेसले," त्या म्हणाल्या. "यात इतकं धावता येतं, हे मला कधी कुणी सांगितलंच नाही गं."