नळाला हात लावायचा नाही

शुभाताईंनी जुन्या सुती साडीची पट्टी टर्रकन फाडली आणि मागच्या अंगणातल्या नळाला गुंडाळायला घेतली. नळाच्या मानेपासून भिंतीपर्यंत चांगले जाड वेढे दिले आणि वर गाठ मारली.

"आई, बास आता. सर्दी नाही होणार त्याला," शैलेंद्र हसत म्हणाला.

"हसू नकोस. वरून ती प्लॅस्टिकची पिशवी बांध. नुसता उभा आहेस मघापासून."

टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये एरवी जानेवारीतही माणसं हाफ पँट घालून हिंडतात. त्यामुळे थंडी येणार म्हटल्यावर गावाची पार धांदल उडाली होती. दुकानांतला ब्रेड संपला, दूध संपलं. टीव्हीवरचा कोट घातलेला माणूस सकाळपासून 'हार्ड फ्रीज, हार्ड फ्रीज' असा जप करत होता. मनमाडच्या उन्हात जन्म काढलेल्या शुभाताईंना मात्र या सगळ्याची गंमत वाटत होती. शिवाय कधी नव्हे ते या घरात त्यांच्या हाताला मानाचं काम मिळालं होतं.

आत सुनेने, सुनेत्राने, सिंकखालच्या कपाटांची दारं सताड उघडून ठेवली. घरातली ऊब पाइपापर्यंत पोचायला हवी, असं तिचं म्हणणं. मग ती एकेक नळ किंचित सोडत घरभर फिरली, आणि तिच्या मागे चार वर्षांची इला.

"आई, उद्या दुपारपर्यंत हे सगळे असेच चालू ठेवायचे. पाणी हलतं राहिलं की पाइपात बर्फ धरत नाही. प्लीज, बंद नका करू हं."

"नाही करणार."

"सवयीने हात जाईल म्हणून सांगते."

"आजी, डोन्ट टच इट, ओके?" इलाने बोट नाचवलं.

"ओके गं बाई, ओके."

'नाही करणार' म्हणायला जीभ पटकन वळली, पण ती बारीक धार बेसिनमधून उगाचच वाहून जाताना त्यांना बघवेना. मनमाडला नळ कधी येईल याचा नेम नसे. आला की हातातली पोळी तव्यावर टाकून बायका हंडे घेऊन धावत. लहानपणी शैलेंद्रने एकदा पिंपाची तोटी उघडी टाकली, तेव्हा त्यांनी त्याला असा धपाटा घातला होता की पोरगं पुढे शेजाऱ्यांचे ठिबकणारे नळसुद्धा बंद करून यायचं. गल्लीत कौतुक व्हायचं त्याचं.

पण आता त्यांनी मनाशी गाठ बांधली होती. सुनेत्राचा लोकरी स्वेटर गरम पाण्यात धुऊन त्यांनी बाहुलीच्या मापाचा केला होता. फोडणीच्या धुराने दोनदा अलार्म वाजवला होता. सुनेत्रा एका शब्दाने बोलली नव्हती, आणि त्यामुळेच त्यांना तिची जास्त धास्ती वाटे. फेब्रुवारीअखेरचं परतीचं तिकीट होतं. मुक्काम वाढवता येतो, हे शैलेंद्रनेच सांगितलं होतं. पुन्हा विषय निघाला की मात्र "बघू, सुनेत्राशी बोलतो," एवढंच. हे गेल्यापासून मनमाडच्या घरात संध्याकाळ झाली की भिंती अंगावर येत. त्यांना परत जायचं नव्हतं. हे त्या तोंडाने कुणाला सांगणार नव्हत्या. पण इथे राहायला मिळावं म्हणून पडेल तेवढं शहाण्यासारखं वागायची त्यांची तयारी होती.

पहाटे त्यांना जाग आली. त्यांच्या खोलीला लागूनच बाथरूम होती. भिंतीपलीकडे नळाची धार वाजत होती. आवाज ऐकत त्या पडून राहिल्या. रजई ओढून घेतली, कूस बदलली, रामरक्षा म्हणून पाहिली.

मग दार वाजलं. शैलेंद्रची पावलं त्या झोपेतही ओळखत. फ्लश झाला. नळ जोरात सुटला, त्याने हात धुतले असावेत. मग नळ चांगला घट्ट पिळल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. पावलं परत गेली.

शुभाताई उठून बसल्या. जाऊन सोडावा का? पण त्यानेच बंद केला म्हणजे काही समजूनच केला असेल. ऑफिसात एवढी मोठी मोठी मशिनं सांभाळतो. आणि नळाला हात लावायचा नाही, असं आपण कबूल केलंय. उगाच आपण हात लावायला जायचो आणि नेमकं भलतंच व्हायचं. त्या पुन्हा आडव्या झाल्या. शब्द पाळल्याचं एक लहानसं समाधानही त्यांना वाटलं.

दुपारी झाडांवरचं बर्फ ठिबकायला लागलं आणि बाथरूमच्या भिंतीत काहीतरी फाटकन वाजलं. बघता बघता बोळातलं कार्पेट पचपचीत झालं. शैलेंद्र मोजे भिजवत बाहेर पळाला. पाण्याच्या मीटरचं झाकण गोठून बसलेलं. हातोडीने ठोकून ठोकून त्याने ते उघडलं आणि पाणी बंद केलं. सुनेत्राने घरातले सगळे टॉवेल आणून बोळात टाकले. मग ती बाथरूममध्ये डोकावली आणि तशीच दारात उभी राहिली.

"हा नळ बंद आहे. कोणी केला?"

शैलेंद्र गुडघ्यांवर बसून बादलीत टॉवेल पिळत होता.

"आई, तुम्ही केलात का?"

शुभाताईंनी लेकाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. म्हणजे त्याला आठवत होतं. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून त्या थांबल्या. टॉवेलमधलं पाणी संपलं तरी तो पिळतच राहिला.

"हो गं," त्या म्हणाल्या. "माझाच हात गेला असेल."

आता ऐकून घ्यायचं म्हणून त्यांनी पदर सावरला. पण सुनेत्राने सुस्कारा सोडला आणि ती त्यांच्याशेजारी ओल्या कार्पेटवरच बसली.

"जाऊ दे आई. जन्मभराची सवय, एका दिवसात कशी जाईल? भिंत काय, होईल दुरुस्त." तिने समोरचा ओला टॉवेल बाजूला सारला. "मी परवापासून बोलणार होते. तुमचं तिकीट पुढे ढकलू या का? इलाला तुमची इतकी सवय झालीय. मलाही."

हे एक वाक्य ऐकण्यासाठी शुभाताईंनी दिवाळीपासून जीव मुठीत धरला होता.

"हो ना आई, राहा की," शैलेंद्र घाईघाईने म्हणाला. "आजच कॉल करतो मी."

त्याच्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता. त्यांच्याकडे मात्र त्याने अजून पाहिलं नव्हतं.

"नको रे. आहे ते तिकीट राहू दे."

"अहो, का?" सुनेत्राने त्यांचा हात धरला. "रागावलात का माझ्यावर?"

"वेडी आहेस का? तुझ्यावर कशाला रागवू मी?"

शैलेंद्रने बादली उचलली. ती अर्धीही भरली नव्हती, तरी तो ती ओतायला बाहेर गेला.