खणातली हार्ड डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. दिसायला तुमच्या कंपासपेटीपेक्षाही लहान. संगणकातल्या कामाची दुसरी प्रत सांभाळणे, एवढेच माझे काम.

सुरतेत डिंडोलीला वाल्मिकभाऊंचा साड्यांवर भरतकाम करणारा कारखाना आहे. भाऊ खानदेशातून आले, आधी दुसऱ्याच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबले, मग स्वतःची यंत्रे घेतली. त्यांच्याकडे उज्ज्वलाताई संगणकावर मोर, वेली, कोयऱ्या काढते आणि यंत्राची सुई तशीच चालते. ती सगळी चित्रे माझ्याजवळ असत. प्रत घेतली की ताई मला कपाटात ठेवी. धनत्रयोदशीला भाऊ माझीही पूजा करत. मला फार बरे वाटे.

मागच्या दिवाळीला नवी, मोठी डिस्क आली. माझ्यातले सगळे तिच्यात उतरवले आणि मी टेबलाच्या खणात गेले, तुटक्या सुया आणि रिकाम्या बॉबिनच्या सोबतीला. पूजेच्या वेळी भाऊंनी नवी डिस्क आणि संगणक एकाच लाल नाड्याने बांधले. ताई डिस्क काढायला गेली, तर भाऊ त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "पोरी, पूजानी गाठ कोणी सोडस का?"

"भाऊ, तिजोरीची किल्ली कुलपालाच लटकवून तुम्ही गावाला जाता का?"

भाऊ हसले. गाठ तशीच राहिली आणि नवी डिस्क संगणकाला जोडलेलीच राहिली.

लग्नसराईच्या तोंडावर एक ईमेल आला. नव्या ऑर्डरचा नमुना असेल म्हणून भाऊंनी तो उघडला. आत चोराचा प्रोग्राम होता. त्याने संगणकातल्या सगळ्या फायलींना कुलूप घातले आणि जोडलेल्या डिस्कलाही सोडले नाही. कुलूप उघडायचे तर पैसे द्या, असा निरोप पडद्यावर आला. यंत्रे थांबली. कारागीर जवळच्या कडोदऱ्याला दुसरे काम शोधायचे बोलू लागले.

पैसे देऊनही फायली मिळतील याची खात्री कोण देणार? भाऊंनी ते दिले नाहीत, सायबर पोलिसांकडे तक्रार केली. संगणक आणि नवी डिस्क पुसून नव्याने तयार झाली, तेव्हा ताईने खण उघडून मला जोडले. दिवाळीपर्यंतची सगळी चित्रे माझ्यात जशीच्या तशी होती. त्यानंतरची नव्हती, ती मी कुठून देणार? ताईने ती भरतकाम केलेल्या कापडाच्या तुकड्यांवरून पुन्हा काढली. तोवर जुन्या कोयऱ्यांवर यंत्रे सुरू झाली आणि कारागीर टिकले.

आता कारखान्यात प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आहे. अनोळखी ईमेल आला तर आधी फोन करून विचारतात. दर शनिवारी प्रत घेतली की भाऊ ती स्वतः उघडून पाहतात. हे काम ताईचे आहे, असे कुणी म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "कारखाना मना, तं कुलूप बी मीच देखसू."

यंदाच्या पूजेत त्यांनी मला आणि नव्या डिस्कला वेगवेगळा नाडा बांधला.

मित्रांनो, तुमच्या घरचे फोटो एकाच फोनमध्ये असतील, तर त्यांची दुसरी प्रत वेगळी ठेवा आणि अधूनमधून ती उघडते का ते पाहा. आम्हाला कुंकू जरूर लावा. फक्त नंतर वायर काढून कपाटात ठेवायला विसरू नका.