टोबिनांची किटी

"टोबिन," असं तिने नाव सांगितलं, तेव्हाच मी गाडीचं दार लावून घ्यायला हवं होतं.

पासष्ट सालचा जून. योल गावात घड्याळाच्या वेशीखाली माझी भाड्याची गाडी उभी असायची. उन्हाळी पाहुण्यांना जुना तट, दीपगृह, आर्डमोरचा मनोरा दाखवला की दिवस सरायचा. ही बोस्टनहून आलेली, साठीची, एकटी. तिला यातलं काहीच नको होतं.

"नॉकाडूनच्या वाटेवर माझ्या आजोबांचं शेत होतं. तिथे न्याल?"

आमच्याकडे त्या घराण्याला 'गिळे टोबिन' म्हणतात, दुसऱ्याची जमीन गिळणारे. ऐंशी वर्षांपूर्वी जमीनदाराने त्याच शेतावर राबणाऱ्या केनीलींना घराबाहेर काढलं, डोक्यावरचं छप्परही पाडलं. त्या शेताला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं असताना हिच्या आजोबाने ते घेतलं. गावाने टोबिनांना वाळीत टाकलं. सात वर्षांनी ते अमेरिकेला निघून गेले आणि पुढे शेत केनीलींकडे परत आलं. माझी आई केनीलींची. शेतावर आता बॅट केनीली राहतो, तो माझा सख्खा मामा. यातलं मी तिला काही सांगितलं नाही. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

निघण्याआधी तिला चहा हवा होता. नेगलबाईच्या दुकानात गेलो. बाईने गोडीत विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"मूळचे इथलेच. नॉकाडूनचे टोबिन."

नेगलबाईचा चेहरा विटेसारखा कठीण झाला. "चहा संपलाय."

"पण किटली तर उकळतेय."

"ती माझ्यासाठी." मग माझ्याकडे वळून, "डेक्लन, गाडीत काय घालून फिरवतोयस, ते तुझ्या आईला ठाऊक आहे का रे?"

गाडी गावाबाहेर पडली. मग ती म्हणाली, "मला माहीत आहे आजोबांनी काय केलं ते. वडिलांनी मरण्यापूर्वी सांगितलं. शेतासाठी नाही आले मी. माझ्या आत्याला शोधायला आलेय. किटी. चार वर्षांची होती, घटसर्पाने गेली. दफनभूमीच्या फाटकात गावातली माणसं आडवी उभी राहिली. म्हणून आजोबांनी तिला शेतातच पुरलं. वडील तेव्हा नऊ वर्षांचे."

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. मामाच्या शेतात समुद्राकडच्या बांधावर एक काटेरी झुडूप आहे, त्याखाली एक दगड. लहानपणी तिकडे गुरं गेली तरी मामा आमच्या अंगावर ओरडायचा. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही.

मामा फाटकातच उभा होता. नेगलबाईने फोन केला असणार. पंच्याहत्तरीचा म्हातारा, हातात काठी, पायाशी गुरगुरणारं कुत्रं.

"गाडी वळव, डेक्लन."

ती खाली उतरली. "मी होनोरा टोबिन. मला फक्त—"

"नाव कळलंय. वास आधीच आला होता."

"माझ्या आजोबांनी वाईट केलं, मान्य आहे. पण ती चार वर्षांची होती. कुठल्या कोपऱ्यात आहे, एवढं सांगा."

"नांगर फिरवला आम्ही त्यावर."

"खोटं बोलताय."

मामाने काठी जमिनीवर आपटली. "आमचीही एक होती! आम्हाला बाहेर काढलं त्या आठवड्यात, रस्त्याकडेच्या चरात जन्मली. दोन दिवस जगली. माझी थोरली बहीण. तिची खूण दाखव मला. मग मी तुझी दाखवतो."

होनोराचा आवाज खाली आला. "नाव काय होतं तिचं?"

"नाव ठेवायला सवड कुणी दिली?"

ऊन चढत गेलं. ना तो फाटकातून हलला, ना ती माघारी फिरली. तासभर असाच गेला असेल. कुत्रंसुद्धा थकून बसलं. शेवटी तिने फाटकाचा आधार घेतला. मामाने काठीने तिची बोटं लोखंडावरून ढकलली.

मी कुत्र्याचा पट्टा धरला आणि फाटक ढकललं. "बाई, समोरच्या बांधावर ते काटेरी झुडूप दिसतंय ना? त्याच्याखाली."

ती गेली. मामा तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"बहिणीचं पोर म्हणून अंगाखांद्यावर खेळवला तुला," तो म्हणाला. "आता या उंबऱ्याला तुझा पाय लागला, तर कुत्रं सोडीन."

ती वाकून दगडावरचं गवत उपटत राहिली. परत आली तेव्हा हात ओरबाडले होते. मामाने पाठ फिरवली. तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही.

योलला वेशीखाली गाडी थांबवली. उतरल्यावर ती खिडकीशी वाकली. "जागा तुम्हाला आधीपासून माहीत होती ना? मग मला तासभर उन्हात का उभं केलंत?"

"तो माझा मामा आहे," मी म्हटलं. मग खरं तेही बोललो, "आणि मलाही बघायचं होतं तुम्हाला उभं राहिलेलं."

"तुम्ही सगळे सारखेच," ती म्हणाली आणि निघून गेली.

घरी आईला सगळं कळलेलं होतं. ती चुलीपाशी कोबी ढवळत होती.

"दाखवलंस?"

"दाखवलं."

"बरं केलंस असं मी म्हणायची नाही," ती म्हणाली आणि माझं ताट वाढलं. जेवण होईपर्यंत ती समोर बसून राहिली, पण स्वतः काही जेवली नाही.

मामा त्यानंतर अकरा वर्षं जगला. आमच्या घरी तो कधी आला नाही.