कपाळावरचं फुलपाणी

"हातावर भरवसा ठेवू नका. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा आणि ताप दिसला तर घरी उतरवत बसू नका, तडक इकडे या."

केमोथेरपीच्या वॉर्डातल्या नर्सने हे बजावलं तेव्हा निस्रीनने मान हलवली आणि सोडून दिलं. ताप ओळखायला तिला यंत्र कशाला हवं? तिची युस्र चार वर्षांची होती आणि तिचा ताप ती नुसत्या तळव्याने सांगायची. ते शिकवलं होतं जलीलाने, म्हणजे ज्या आईला आता केमो चालू होती तिनेच.

ट्युनिशियातल्या नाब्युल गावात सगळ्याच आया तशा. पोराला कणकण आली की आधी कपाळावर हात, मग नारिंगाच्या फुलांपासून काढलेल्या सुगंधी फुलपाण्यात भिजवलेली पट्टी. लहानपणी निस्रीनला तापाची कधी भीतीच वाटली नाही. डोळे मिटून पडायचं, पट्टीचं पाणी कानशिलावरून ओघळायचं, आणि त्या वासात आई दुसऱ्या खोलीत असली तरी उशाशीच आहे असं वाटायचं. परीक्षेच्या दिवसांत तर ताप यावा म्हणून ती मुद्दाम गार फरशीवर झोपायची.

बाकी सगळं तिने अक्षरशः पाळलं. लेकीला घेऊन ती ट्युनिसहून माहेरी राहायलाच आली होती. आईचं तोंड आतून सोललं होतं, म्हणून प्रत्येक खाण्यानंतर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. मऊ ब्रश. गरम वाफेने उमासे यायचे, म्हणून शोरबा निववून, थोडा थोडा.

"हरीसाच्या तिखट चटणीशिवाय शोरबा?" जलीला चमचा खाली ठेवायची. "हे जेवण आहे की कुणाचं सुतक?"

"तोंड बरं होऊ दे, मग बरणी पालथी घाल."

"तोवर तू माझी आई होशील. झालीच आहेस म्हणा."

आणि त्यातच नारिंगाची झाडं फुलली. सगळं गाव घमघमू लागलं, तशी जलीला म्हणाली, "खिडकी लाव गं. मळमळतंय."

आईचे केस गेले तेव्हा निस्रीन रडली नव्हती. त्या दिवशी मात्र स्वयंपाकघरात नळ सोडून रडली. दर वसंतात अंगणात चादरी पसरून फुलं निवडणारी, अर्क काढायच्या तांब्याच्या भांड्यातून, कत्तारमधून, गळणाऱ्या पहिल्या थेंबाला 'बिस्मिल्लाह' म्हणून बोट लावणारी ही बाई, आणि तिला तोच वास नको झालेला!

तरी कत्तार चढवायचीच, हा हट्ट जलीलाचाच. "माझ्या लग्नापासून ती एकदाही रिकामी बसलेली नाही. मी आत पडून राहीन. तुम्ही करा."

शेजारच्या मब्रूकामावशी फुलांचं पोतं घेऊन आल्या. आईला संसर्ग नको म्हणून निस्रीनने त्यांना अंगणातच थोपवलं.

"गालाला गाल लावायचा नाही? मग मी आले कशाला?"

"फुलं निवडायला!" आतून जलीलाचा आवाज आला. "गाल पुढच्या वर्षी आण."

आईचा आवाज खणखणीत होता. निस्रीनने नेहमीसारखं आत जाऊन कपाळावर हात ठेवून पाहिलं. गार. निर्धास्त होऊन ती बाहेर आली. मावशी अजून पोत्याची सुतळी सोडत होत्या. कपाळावर आलेली बट मागे सारताना निस्रीनला आपल्याच तळव्याचा वास आला.

फुलपाणी.

पोतं अजून बंद होतं, आणि शिवाय हा ताज्या फुलांचा वास नव्हता. बाटलीत मुरलेल्या जुन्या पाण्याचा होता. जिला खिडकीतून येणारा वास सोसत नाही, तिने हे स्वतःच्या कपाळावर कशाला लावावं?

ती आत धावली. उशीखाली ओली पट्टी होती.

"आई, हे काय?"

"जराशी कणकण आहे. आज कत्तार चढतेय ना. उद्या जाऊ आपण."

"आणि वास?"

"नाक धरून ठेवली पट्टी," जलीला ओशाळून म्हणाली. "तू येण्याआधी काढली. तू हातच लावणार, ठाऊक होतं मला. मीच शिकवलंय."

ड्रॉवरमधला थर्मामीटर निस्रीनने त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर काढला. आकडा अडतीस अंश सेल्सिअसच्या बराच वर गेला. "फुलं माझ्यावर सोड, तू आईला बघ," म्हणत मावशींनी युस्रला कडेवर घेतलं आणि रस्त्यावर जाऊन टॅक्सी अडवली.

रुग्णालयात तपासलं, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या. सलाईनमधून औषधं लगेच सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आलात ते बरं झालं, उद्यावर टाकलं असतं तर आजार हाताबाहेर गेला असता. निस्रीन पलंगाशी बसून राहिली. तळव्याला तो वास अजून होता. धुवावासा वाटेना.

जलीला घरी आली. पुढे उपचार संपले, टाळूवर लव उगवली. एका सकाळी तिने फडताळातली त्या वसंतातली बाटली उघडली, नाकाशी नेली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"करपलंय! मब्रूकाने आच वाढवलीच शेवटी. बोलण्याच्या नादात असते सदा."

निस्रीन हसता हसता रडली. आईला तो वास पुन्हा सोसत होता.

आता दर वसंतात, फुलं निवडायला बसलं की निस्रीन शेजारणींना आधी एकच गोष्ट विचारते. तीच तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या माणसांत कुणी हे उपचार घेतंय का? "मी ठीक आहे" असं खणखणीत आवाजात सांगतंय का? मग वाचन ठेवा बाजूला. जा, नाहीतर फोन करा, आणि तुमच्यासमोर थर्मामीटर लावायला सांगा. नुसता हात ठेवून परत येऊ नका.